अग्निबाणपाताचे हौशी चित्रण : हक्क आणि परवाने

अग्निबाण किंवा त्याचा एखादा भाग पृथ्वीवर परतताना टिपलेली चित्रफीत, हौशी मंडळींनी तिच्यावर केलेली दुरुस्ती आणि अशा फितीच्या वापराचे नियम यांचा विचार या नोंदीत केला आहे. विदर्भात हा विषय २ एप्रिल २०२२ रोजी अक्षरशः आभाळातून पडला. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. पावणेआठच्या सुमारास जळत्या ठिपक्यांची एक रांग आकाशातून संथपणे सरकत गेली आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेशात असंख्य मोबाइल वर झाले. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला पेटलेले विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले, तर नंतर पवनपार परिसरात धातूचा पोकळ गोळा. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३ बी’ अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा होता.

येथे मालकीची एक गंमत आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या आठव्या कलमानुसार अवकाशातून परतलेली वस्तू कुठेही पडली तरी तिची मालकी बदलत नाही. त्यामुळे लाडबोरीचे कडे ना लाडबोरीचे, ना ते शोधणाऱ्याचे. त्याच अग्निबाणाची चित्रफीत मात्र ती काढणाऱ्याची. भारतीय कॉपीराइट कायद्यात (१९५७) दृश्यचित्रण हे ‘चलच्चित्र’ या वर्गात मोडते आणि चित्रण घडवण्यात पुढाकार घेऊन त्याची जबाबदारी उचलणारा त्याचा निर्माता ठरतो. नागपूरच्या हुडकेश्वरमधल्या एखाद्या गच्चीवरून कुणी अर्ध्या मिनिटाची हलती फीत काढली असेल, तर कायद्याच्या लेखी तोही निर्माताच. नोंदणीची सक्ती नाही. हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे २०२२ मध्येच प्रसृत झालेल्या फितीवर २०८२ अखेरपर्यंत.

व्यवहार निराळा आहे. फीत कौटुंबिक ग्रुपवर पडते, तिथून गावच्या ग्रुपवर आणि तासाभरात वाहिनीच्या पडद्यावर ‘सौजन्य : सोशल मीडिया’ अशा ओळीसह दिसते. सोशल मीडियाने आजवर एकही फीत काढलेली नाही, तरी सगळे सौजन्य त्याच्याच खात्यावर जमा होते. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची मुभा कलम ५२ देते. तीच फीत संगीत लावून महिनोन्‌महिने कमाईसाठी फिरवणे या मुभेत बसवणे कठीण.

दुरुस्तीचा प्रश्न यानंतरचा. रात्रीचे मोबाइल चित्रण थरथरते, दाणेदार असते. थरथर काढणे, उजेड सावरणे, दोन ठिकाणांच्या फितींच्या वेळा जुळवणे ही कामे हौशी अभ्यासक करतात. अशा दोन फितींवरून मार्ग आणि उंचीचा अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी मूळ फाइल हवी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली फीत दाबून लहान होते आणि वेळ-स्थळाचा तपशील गळतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ रूप शाबूत राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘स्पष्ट’ केलेली फीत देखणी असते, मात्र त्यातले काही ठिपके यंत्राने मनानेच भरलेले असतात. अभ्यासाला ती निरुपयोगी.

मालकाला न विचारता केलेल्या दुरुस्तीवर कायदा कठोर आहे. ज्या चलच्चित्राचा मोठा भाग दुसऱ्या कृतीच्या हक्काचा भंग करून बनला, त्यात स्वतंत्र कॉपीराइट निर्माणच होत नाही, असे कलम १३ सांगते. आठवडाभर जागून केलेली मेहनतही येथे कामाला येत नाही.

परवानगीने, किंबहुना मालकाच्याच आमंत्रणाने झालेल्या दुरुस्तीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी स्पेसएक्सच्या फाल्कन ९ चा पहिला टप्पा अटलांटिक महासागरावर अलगद उतरला. समुद्र खवळलेला, संदेश क्षीण. हाती आलेली फीत जवळपास वाचण्यापलीकडची होती. कंपनीने ती मूळ स्वरूपात खुली करून लोकांची मदत मागितली. अशा फितीत काही चौकटी पूर्ण असतात, बाकीच्या केवळ आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच सांगतात. त्यामुळे एक बिघाड पुढच्या कित्येक चौकटी नासवतो. जगभरच्या स्वयंसेवकांनी बिघडलेले तुकडे एकेक करून सुधारले आणि अखेर अग्निबाणाचे उघडलेले पाय व खालचे पाणी ओळखू येऊ लागले. मार्च २०१५ मध्ये कंपनीने आपली छायाचित्रे आधी अव्यावसायिक अटीच्या परवान्याखाली दिली आणि लगेच ती अटही काढून टाकली.

तो बदल क्षुल्लक नव्हता. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांत ‘अव्यावसायिक’ अट असलेली फीत विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त माध्यमसंग्रह स्वीकारत नाही. श्रेयनिर्देशाची अट मात्र चालते. भारतात या परवान्यांची सुरुवात २६ जानेवारी २००७ रोजी आयआयटी मुंबईत झाली. असा परवाना मालकच देऊ शकतो. दुसऱ्याची, नुसती पुढे पाठवलेली फीत असेल तर तिच्यावर चिकटवलेला परवाना निरर्थक ठरतो. वाहिनीला वेगळी परवानगी द्यायची असल्यास ती लेखी हवी. तीत मुदत लिहिली नाही तर ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत, असे कायदा धरून चालतो. एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मात्र, अटी पाळणाऱ्यांकडून, परत घेता येत नाही.