‘घटका भरली’ म्हणजे नेमके काय झाले?

१/ शिवछत्रपतींचा जन्म जुन्नरच्या शिवनेरीवर झाला. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत ही नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. सोबत नक्षत्राच्या घटी आणि पळेही दिली आहेत. वाचताना आपण हे आकडे सहसा ओलांडून पुढे जातो. आज त्यांच्यापाशीच थांबू.

२/ तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे, तिचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद. अहोरात्राच्या घटका साठ.

३/ ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार या बुडणाऱ्या वाटीतून आला. ‘अखेरच्या घटका मोजणे’ यातही खरोखरची मोजणी आहे. ‘पळभर थांबा’ म्हणणाराही मुळात एक ठरावीक माप सांगत असे.

४/ जुन्या कागदांत ‘चार घटका दिवस आला असता’ असे वाचले, तर सूर्योदयापासून ९६ मिनिटे मोजावीत. सूर्योदय सहाचा धरला, तर ७ वाजून ३६ मिनिटे होतात. घटकेला तास समजलो, तर थेट दहा वाजतात! एवढ्या फरकाने छाप्याचा किंवा कूचाचा सारा क्रम चुकतो.

५/ इंग्रजीतही हाच सापळा आहे. ‘इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अगदी अखेरचा क्षण. हा प्रयोग बायबलमधील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तातून रूढ झाला. तिथला दिवस सूर्योदयापासून बारा तासांचा. म्हणून अकरावा तास म्हणजे सायंकाळचे सुमारे पाच. घड्याळातल्या अकराशी त्याचा संबंध नाही.

६/ आपला ‘तास’ हा शब्दही फारसीतून आला. मूळ अर्थ धातूचे पात्र. पुढे ठोके देण्याची थाळी आणि मग ठोक्यांमधला काळ. ‘दहाच्या ठोक्याला’ म्हणताना तीच थाळी वाजते. आंबेगाव-खेडच्या डोंगरांत भीमाशंकरी असलेली पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या वसई विजयाची, १७३९ ची, आठवण मानली जाते. प्रार्थनेच्या वेळा सांगणारी चर्चची घंटा अशी देवळात आली.

७/ वाटी गेली, थाळी गेली. शब्द मात्र उरले. तेव्हा जुना कागद हाती घेताना आधी विचारावे : हा काळ मोजला कशाने?