अमळनेरचे गुणेमास्तर आणि आपली काठी

मागच्या बैठकीला मी घरातली काठी घेऊन गेले, तर एक जिजी म्हणाल्या, "बायासना हातमा काठी शोभस का?" म्हशीमागे हिंडताना शोभते, साप निघाला की शोभते, मग व्यायामालाच का नाही? म्हणून आज काठीचीच गोष्ट.

१९१६ साली आपल्या अमळनेरात जगन्नाथ गणेश गुणे हे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय कॉलेजचे प्रमुख झाले. पुढे हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते पुष्कळांना ठाऊक असतं. पण योगाच्या आधी ते आखाड्यात घडले, हे फारसं कोणी सांगत नाही. १९०७ ते १९१० ते बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत शिकले. तिथे कुस्ती, मल्लखांब, लाठी सगळं होतं. माणिकराव निखळलेली हाडंही बसवायचे; शरीर कुठे वळतं नि कुठे अडतं, हे जाणणारा गुरू!

अमळनेरला असतानाच, १९१९ मध्ये, गुण्यांना नर्मदाकाठी मालसरला माधवदास महाराज भेटले आणि योगाची वाट सापडली. कॉलेज इंग्रज सरकारला खुपत होतं, १९२० मध्ये ते बंद झालं. आखाडा आणि योग असे एकाच माणसात भेटले, तेही आपल्या बोरी नदीच्या काठी.

आता काठी आणि आसनं यांचा मेळ कसा बसतो ते बघा. दोन्ही हातांनी काठी रुंद धरून डोक्यावर न्या. हात सुटे असले की आपण कोपर वाकवून चोरी करतो. काठी ती चोरी पकडते, खांदा मोकळा व्हावाच लागतो. मग श्वास सोडत एका कुशीला झुका, श्वास घेत सरळ व्हा. लाठीवाल्याचा घाव मनगटातून येत नाही, पायातून आणि कमरेतून येतो, आणि घावाबरोबर श्वास सुटतो. ज्याची कंबर आखडली, त्याची काठी नुसती हवेत फिरते. पऱ्हाटीत दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या आपल्या कमरेलाही हेच लागू. गरोदर बाईने आणि ऑपरेशन झालेलीने मात्र हे पीळ देऊ नयेत.

माझ्या शाळेत मुलांना लाठी होती, आम्हा मुलींना रांगोळी. रांगोळीवर माझा राग नाही, पण मैदानाच्या कडेला बसून बघत राहिल्याचा सल अजून आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९४१ मध्ये निघालेल्या राष्ट्र सेवा दलात मुलं-मुली बरोबरीने लाठी आणि लेझीम शिकत होती! साने गुरुजींमुळे खानदेशात घरोघरी पोचलेलं ते सेवा दल. मग आमच्या वेळेपर्यंत मुलींच्या हातातली काठी गेली कुठे?

त्या दिवशी बैठक संपल्यावर जिजींनीच काठी मागून घेतली. डोक्यावर न्यायला गेल्या तर डावा खांदा अर्ध्यातच अडला. "थांब, परत करू दे," म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी येताना प्रत्येकीने आपापली काठी आणा, कानापर्यंत उंच, गुळगुळीत केलेली, आणि पदर खोचून या.