लॉवेलचा नंदादीप : रब्बी एव्हरेट गेंडलर आणि ज्यू पर्यावरणविचार

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवलेल्या असतात त्याच्यासमोर एक दिवा अखंड तेवत असतो. ‘निर्गम’ या ग्रंथात कुटलेल्या ऑलिव्हच्या शुद्ध तेलाचा दिवा नित्य लावण्याची जी आज्ञा आहे, तिच्याशी या नंदादीपाचे नाते जोडले जाते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर त्या दिव्याची आठवण ठिकठिकाणच्या सिनेगॉगांनी जपली, आणि विसाव्या शतकात तेलाची जागा बहुतेक ठिकाणी विजेच्या बल्बने घेतली. ती वीज कोठून येते, हा धर्माच्या विचाराचा विषय आहे असे मात्र फारसे कोणाला वाटले नव्हते. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल येथे रब्बी एव्हरेट गेंडलर यांनी टेम्पल इमॅन्युएल या सिनेगॉगच्या छपरावर सौरपट्ट बसवून तेथील नंदादीप सूर्याच्या ऊर्जेवर आणला. अशा प्रकारची ही पहिली ज्ञात घटना मानली जाते. १९७३ च्या तेलसंकटाचे चटके तेव्हा ताजे होते, आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर सौर जलतापक बसवले ते त्यानंतर, १९७९ च्या जूनमध्ये.

गेंडलर यांचा जन्म १९२८ साली आयोवा या शेतीप्रधान राज्यातील चॅरिटन या लहान गावी झाला. शिकागो विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीतून रब्बीपदाची दीक्षा घेतली. रब्बी म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा अधिकारी जाणकार आणि आपल्या समुदायाचा मार्गदर्शक. त्यांच्या पर्यावरणविचाराचे मूळ अहिंसेत होते, आणि ही गोष्ट नजरेआड केली तर त्यांच्या कार्याचा अर्थच लागत नाही. ते ठाम शांततावादी होते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत १९६२ मध्ये जॉर्जियातील ऑल्बनी येथे त्यांना अटक झाली, पुढच्या वर्षी ते इतर रब्बींसह बर्मिंगहॅमला गेले आणि १९६५ मध्ये सेल्मालाही पोहोचले. २५ मार्च १९६८ रोजी रब्बींच्या अधिवेशनात मार्टिन लूथर किंग यांची जी प्रकट मुलाखत झाली, तिच्यात प्रश्न विचारणारे गेंडलरच होते. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी किंग यांची हत्या झाली. माणसावर सत्ता गाजवणे आणि भूमीला ओरबाडणे या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत, हे सूत्र त्यांच्या सगळ्या आयुष्यात दिसते.

याच काळात ज्यू आणि ख्रिस्ती धर्मपरंपरांवर एक गंभीर आरोप झाला. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की, पृथ्वी ताब्यात घेण्याची जी आज्ञा ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मानवाला दिलेली आहे, तिच्यातून आलेल्या दृष्टीत आधुनिक पर्यावरणसंकटाची मुळे आहेत. अनेक ज्यू अभ्यासकांनी याला धर्मग्रंथातील वचनांनीच उत्तर दिले. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात बाग कसणे आणि राखणे ही मानवाची जबाबदारी सांगितली आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथात शहराला वेढा घातला असतानाही फळझाडे तोडण्यास मनाई आहे, आणि तिच्यातूनच ‘बाल तश्हीत’, म्हणजे निष्कारण नासाडी करू नये, हा व्यापक नियम पुढे विकसित झाला. दर सातव्या वर्षी, ‘श्मिता’ या नावाने, जमीन पडीक ठेवावी लागते. गेंडलर यांनाही ही वचने प्रिय होती, परंतु केवळ त्यांच्या आधारावर ते थांबले नाहीत. शतकानुशतके शेतीपासून तुटून शहरांत राहावे लागल्यामुळे ज्यू धर्मजीवनातील निसर्गाचा अंश झाकला गेला, अशी त्यांची मांडणी होती, आणि म्हणून चंद्रकला, ऋतू व पेरणी-कापणी यांच्याशी सणांचे जे नाते आहे ते त्यांनी प्रत्यक्ष आचारात पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला. लॉवेलचा दिवा त्याच प्रयत्नाचा भाग होता. प्रार्थनेतील एक अक्षरही न बदलता केवळ दिव्याचे इंधन बदलल्याने प्रार्थनेला येणाऱ्यांपुढे ऊर्जेचा प्रश्न उभा राहिला, आणि वादविवादांच्या ढिगापेक्षा ही कृती अधिक दूरगामी ठरली.

निसर्गाशी असलेले हे नाते सर्वत्र सारखेच तुटले होते असे मात्र नाही, आणि महाराष्ट्रातील वाचकांना त्याचा पुरावा दूर शोधण्याची गरज नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज घाण्यावर तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारच्या विश्रांतीमुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. शनिवारच्या मूळ आज्ञेत माणसाबरोबर गुराढोरांच्या विश्रांतीचाही उल्लेख आहे. ज्यू पंचांगातील शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे झाडांच्या नववर्षदिनी, हा समाज अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, उरूस साजरा करतो आणि गोड पोहे, खोबरे, सुका मेवा व फळे यांचा मलिदा करतो. सोळाव्या शतकानंतर गूढवाद्यांच्या परंपरेने याच तिथीला फळांच्या विधिपूर्वक भोजनाचे रूप दिले होते, आणि अमेरिकेतील ज्यू पर्यावरणवाद्यांनी पुढे त्याचेच पुनरुज्जीवन केले.

ज्यू पर्यावरणवादाची संस्थात्मक बांधणी मात्र मुख्यतः गेंडलर यांच्याऐवजी इतरांच्या हातून झाली. एलन बर्नस्टाइन यांनी १९८८ मध्ये ‘शोमरेई अदामा’, म्हणजे भूमीचे राखणदार, ही संस्था स्थापन केली. रब्बी आर्थर वास्को यांचे शालोम सेंटर १९८३ मध्ये अणुयुद्धाच्या धोक्याविरुद्ध सुरू झाले आणि नंतर हवामानबदलाच्या प्रश्नाकडे वळले. गेंडलर स्वतः १९७१ पासून १९९५ पर्यंत लॉवेलच्या एकाच सिनेगॉगची सेवा करत राहिले. संघटक म्हणून त्यांचे नाव मोठे झाले नाही, तरी ज्यू पर्यावरणवादाचे जनक ही उपाधी त्यांनाच लाभली, आणि ती यथार्थ आहे.

निवृत्तीनंतर ते आणि पत्नी मेरी गेंडलर वारंवार भारतात येऊन निर्वासित तिबेटी लोकांना अहिंसक लढ्याचे शिक्षण देत असत, आणि त्या कामातूनच २००७ मध्ये धर्मशाळा येथे सक्रिय अहिंसेच्या शिक्षणाचे केंद्र उभे राहिले. १ एप्रिल २०२२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, गेंडलर यांचे निधन झाले.