शस्त्रकायदा आणि रायफलची रचना : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सातारच्या प्रतिसरकारचा अभ्यास करताना ग्रामव्यवस्था, न्यायनिवाडा आणि समाजसुधारणा या अंगांचा विचार प्रामुख्याने होतो. शस्त्रांचा प्रश्न मात्र प्रसंगवर्णनापुरता येतो. कोणती बंदूक कोणाच्या हाती असावी, हे ठरविणारा कायदा आणि त्या बंदुकीची यांत्रिक रचना यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. (आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला व १९६० मध्ये त्याचे नामांतर झाले.)

१८७८ चा कायदा व त्याचे परिणाम :
लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. युरोपियनांना मात्र दीर्घकाळ सूट होती. हा अविश्वास शस्त्राच्या रचनेतही उतरला. लष्कराची ३०३ बोअरची ली-एनफिल्ड रायफल खटका मागेपुढे ओढून चालविली जाई व तिच्या पेटीत दहा काडतुसे मावत. पोलिसांसाठी त्याच रायफलचे रूपांतर करून बनविलेली ४१० बोअरची मस्केट एका वेळी एकच गोळी घेई. ती हिसकावली गेली तरी तिच्यात लष्करी काडतूस चालू नये, अशी ही योजना होती.

प्रतिसरकारचा शस्त्रसंचय :
३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगाव कचेरीवर निघालेला मोर्चा निःशस्त्र होता. त्याच महिन्यात वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे बळी पडली. त्यानंतर भूमिगत चळवळीने शस्त्रांची वाट धरली. परवाना मिळणे अशक्य असल्याने शस्त्रांचा मोठा साठा सरकारजवळच होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडताना पहारेकऱ्यांच्या बंदुका हस्तगत केल्या. शेणोलीची पगाराची रेल्वे (१९४३) आणि धुळ्याचा खजिना (१९४४) यांवरील छाप्यांतून पैसा उभा राहिला. पैशाने बंदूक मिळाली, तरी काडतुसे मिळविणे कठीणच होते. प्रत्येक गोळी मोजून वापरावी लागे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने लोकाश्रयावर आणि जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने शिस्तीवर जो भर दिला, त्यामागे ही टंचाईही होती.

स्वातंत्र्योत्तर कायदा :
१९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट होता. १९४८ च्या डिसेंबरमध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवानापद्धती कायम ठेवली. मात्र पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारता येणार नाही, असेही स्पष्ट केले. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूदही त्यात आहे.

रचनेचा भेद मात्र टिकला. इशापूर येथे तयार झालेली ७.६२ ची १ए१ रायफल गॅसच्या दाबाने दट्ट्या मागे ढकलून आपोआप पुढील गोळी भरते. तिच्यात दट्ट्याची धाव आखूड असते, त्यामुळे हलता भार कमी राहतो. कलाश्निकोव्ह व इन्सास यांत लांब दट्ट्या खटक्याच्या वाहकाबरोबरच धावतो. त्यामुळे हलता भार वाढतो, पण घाण व धूळ सोसण्याची क्षमताही वाढते. सैन्याच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा असला, तरी नागरिकासाठी तो गौण आहे. १९६२ च्या नियमांनी अर्धस्वयंचलित शस्त्रे तसेच ३०३ व ७.६२ च्या रायफली यांना सामान्य परवान्याबाहेर ठेवले. २०१६ च्या नियमांतही हा मूळ भेद कायम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन केली.

निष्कर्ष :
१) वासाहतिक कायद्याने बंदुकीची रचना हीच विश्वासाची मोजपट्टी केली.
२) प्रतिसरकारची शस्त्रे ही प्रामुख्याने राज्यसत्तेच्या साठ्यावर अवलंबून होती, तिची खरी ताकद गावांच्या पाठिंब्यात होती.
३) स्वातंत्र्यानंतर वंशभेद व मालमत्तेचा निकष गेला, पण सैन्याचे काडतूस नागरिकाच्या हाती न देण्याचे तत्त्व राहिले. ज्या परिसराने निःशस्त्र मोर्चावरील गोळीबार अनुभवला, तेथे हे सातत्य अभ्यासकाला अस्वस्थ करणारे आहे. मात्र आजचा निर्बंध लोकनियुक्त संसदेच्या कायद्यातून आला आहे, हा फरक दृष्टिआड करता येत नाही.