कपाळावरच्या आठ्या आणि सॉसेजमधले विष

आरशासमोर उभे राहून भुवया जवळ आणा. मधोमध उभ्या रेघा उमटतात. त्यांनाच आपण आठ्या म्हणतो. हातापायांचे स्नायू हाडांना जोडलेले असतात, चेहऱ्याचे बरेच स्नायू मात्र थेट त्वचेला. ते आकसले की त्वचेला घडी पडते. हजारो वेळा पडलेली घडी वयाबरोबर कायमची होते. या घड्या सैल करणाऱ्या 'बोटॉक्स' इंजेक्शनच्या पाट्या आता नांदेड-लातूरच्या दवाखान्यांवरही दिसतात. त्यात विष असते का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर 'होय' हेच खरे उत्तर. पण तेवढ्यावर थांबू नये, म्हणून हा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील व्यूर्टेम्बर्ग येथे सॉसेज, म्हणजे आतड्यात भरून टिकवलेले मांस, खाऊन माणसे दगावत. पापण्या मिटत, घास गिळवेना, शेवटी श्वास थांबे. शुद्ध मात्र राही. तेथील सरकारी डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२२ साली अशा १५५ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. प्राण्यांवर आणि स्वतःवरही प्रयोग करून त्यांनी ताडले, की हे विष मज्जातंतूंचा निरोप अडवते. अगदी थोड्या मात्रेत ते अनावर हालचालींच्या रोगांवर औषध ठरू शकेल, असेही त्यांनी सुचवले. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत तेव्हा मान्य व्हायचा होता!

विषाचे मूळ सापडायला १८९५ साल उजाडले. बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांपैकी तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हवेविना वाढणारा जंतू वेगळा केला. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात. त्यावरून जंतूला आज 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' हे नाव आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने या विषाचा शस्त्र म्हणून अभ्यास केला. त्यातूनच १९४६ साली ते स्फटिकरूपात मिळाले. १९४९ साली लंडनमध्ये अर्नोल्ड बर्गन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडणेच या विषामुळे थांबते. हे रसायन म्हणजे स्नायूला आकसण्याचा हुकूम. पुढे कळले, की ते बाहेर सोडण्यासाठी लागणारे एक प्रथिन हे विष कापून टाकते. हुकूम पोचत नाही, स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा कामाला लागतो आणि आठ्या परततात.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेवाचून उपाय शोधत होते. ओढणारा स्नायू थोडा सैल केला तर? १९७३ साली त्यांनी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. तिरळेपणा आणि पापण्यांचे आकडी येऊन मिटणे यांवर अमेरिकेत १९८९ साली या औषधाला परवानगी मिळाली. दरम्यान व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आले, की पापण्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाच्या आठ्याही विरल्या आहेत. त्यांचे पती अॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा निबंध १९९२ साली आला. आठ्यांसाठीची अमेरिकी परवानगी २००२ साली मिळाली. सुरकुत्यांचे हे इंजेक्शन मुळात सुरकुत्यांसाठी शोधलेलेच नव्हते. मेंदूच्या इजेमुळे पाय ताठ राहणाऱ्या मुलांनाही आज त्याचा उपयोग होतो.

केर्नरची कल्पना प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षे लागली, कारण विष शुद्ध करणे आणि मोजणे जमत नव्हते. आठ्यांसाठीच्या नेहमीच्या मात्रेत विषाचे प्रथिन साधारण १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग असते. म्हणूनच ते प्रशिक्षित डॉक्टरांच्याच हातून घ्यावे. स्वस्तात सुई टोचणाऱ्या कोणाकडूनही नव्हे.

मात्रा मोजणारे कोणी नसते तिथे हेच विष जीव घेते. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेत मुलांना अशीच बाधा झाली. शेवेत सापडलेला जंतू याच जातकुळीतला होता. आपल्याकडेही वसतिगृहे पुष्कळ आहेत. फुगलेला डबा चाखूनसुद्धा पाहू नये, तो फेकावा. उकळल्याने विष नष्ट होते, पण जंतूंचे बीजाणू टिकतात आणि बंद डब्यात पुन्हा वाढतात. वर्गात मज्जासंस्था शिकवताना आठ्यांबरोबर या डब्याचीही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.