लहान उपग्रह आणि क्ष-किरणांचे आकाश

क्ष-किरण आणि गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जात असल्यामुळे जमिनीवरील वेधशाळांना त्यांचे आकाश दिसत नाही. १९६२ मध्ये रिकार्डो जॅकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला, तो अग्निबाणातून वर नेलेल्या उपकरणांमुळे. मात्र अशा प्रत्येक उड्डाणात निरीक्षणासाठी जेमतेम काही मिनिटेच हाती लागत.

ही अडचण दूर केली ती केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभारलेल्या सान मार्को तळावरून १२ डिसेंबर १९७० रोजी, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, सोडलेल्या अवघ्या सुमारे १४० किलोंच्या ‘उहुरू’ या उपग्रहाने. पाठीला पाठ लावून बसवलेले दोन वायुभरित गणक घेऊन तो सुमारे बारा मिनिटांत एकदा स्वतःभोवती फिरे आणि आकाशाचा एकेक पट्टा न्याहाळत जाई. नरतुरंग तारकासमूहातील एका स्रोताचे स्पंद दर ४.८ सेकंदांनी येतात आणि सुमारे २.१ दिवसांनी तो स्रोत झाकला जातो, असे या संथ नजरेलाच आढळले. त्यावरून सोबतच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे चित्र उभे राहिले. उहुरूच्या अखेरच्या सूचीत ३३९ स्रोतांची नोंद आहे.

पुढे अंधूक स्रोत पाहण्यासाठी मोठे आरसे लागले आणि वेधशाळा अवजड होत गेल्या, ते अपरिहार्यच होते. मात्र गॅमा किरण स्फोट, म्हणजे कोणत्याही दिशेने अवचित येणारे आणि बहुधा काही सेकंदांतच ओसरणारे झोत, टिपायला सर्वप्रथम आकाशाच्या मोठ्या भागावर अखंड लक्ष हवे. भारताने १९९४ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडलेल्या स्रॉस-सी२ या लहान उपग्रहावरही असे स्फोट टिपणारे उपकरण होते.

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती उपग्रहाचा, म्हणजे क्यूबसॅटचा, नमुना ठरवून दिला, तेव्हा त्याचा मुख्य हेतू विद्यार्थ्यांचे शिक्षण हा होता. तरीही मार्च २०२१ मध्ये कक्षेत गेलेल्या ‘जीआरबीअल्फा’ या तशाच एका घनावर सीझियम आयोडाइडचा, गॅमा किरण पडताच चमकणारा, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचा स्फटिक बसवलेला होता. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी नोंदीतील सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट झाला, तेव्हा ‘फर्मी’सारख्या मोठ्या वेधशाळेचे शोधक त्या माऱ्याने संपृक्त झाले, म्हणजे त्यांची मोजण्याची मर्यादा ओलांडली गेली, जीआरबीअल्फाच्या छोट्या शोधकाला मात्र त्या स्फोटाचे शिखर-तेज मोजता आले.