इकॉनॉमी वर्गातील विनामूल्य मद्य
भाडी व सोयी परस्परसंमतीने ठरवणाऱ्या विमान कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘आयाटा’ने, एप्रिल १९५८ मध्ये अटलांटिकवरील उड्डाणांत स्वस्त इकॉनॉमी वर्ग सुरू केला, तेव्हा जेवण साध्या, थंड सँडविचपुरतेच असावे असा दंडक घातला; पण स्कँडिनेव्हियन कंपनी पावाच्या कापावर मांस-मासळीची सढळ रास रचून देऊ लागताच ‘पॅन अ‍ॅम’ या अमेरिकी विमान कंपनीने तक्रार केली आणि हा कलह ‘सँडविच-युद्ध’ म्हणून गाजला. भाडे सर्वांचे सारखेच असल्याने चढाओढ ताटात आणि पेल्यात उतरणे अटळच होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सिंगापूर एअरलाइन्सने तर आयाटाबाहेर राहून इकॉनॉमीतील प्रवाशांनाही मद्य व हेडफोन विनामूल्य दिले, आणि या धाडसाने प्रतिस्पर्ध्यांची खरी कोंडी केली. भारतात देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही, त्यामुळे मुंबईच्या प्रवाशाला हा पाहुणचार परदेशी मार्गांवरच लाभतो.